फ्रिजवरून कपाटावर

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. बिस्किटाएवढे, पण तोरा मोठा. ठकूच्या आईने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर साबणाच्या फुग्यांचे चित्र चिकटवले आणि मला फ्रिजच्या दारावर लावले.

ठकू पाच वर्षांची. तिला स्वमग्नता आहे, ती बोलत नाही. काही हवे असले की रडायची, नाहीतर स्वतःचेच मनगट चावायची. काय हवे ते ओळखताना घरच्यांच्या नाकी नऊ यायचे. तिच्याकडून संवादाचा सराव करून घेणाऱ्या ताईंनी युक्ती सांगितली. फुग्यांची बाटली दिसेल, पण हात पोचणार नाही अशी ठेवायची आणि थांबायचे. तिने मला आणून हातात दिले, की लगेच फुगे उडवायचे.

सतरा दिवस तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. अठराव्या दिवशी मला ओढून आईच्या तळहातावर ठेवले. आईला इतके रडू आले, की फुगे कसले, नुसता फेसच उडाला.

मग ठकूला चटकच लागली. उठल्यापासून मला घेऊन ती सगळ्यांच्या मागे. फरशी निसरडी झाली, आजोबा पडता पडता वाचले. बाबा वैतागून म्हणाले, "दोन दिवस वर ठेवू या हे. आपल्यालाही जरा उसंत मिळेल." आईने मला दारावरून काढले. मी कपाटावर गेले.

वरून मला सगळे दिसायचे. ठकू फ्रिजपाशी यायची, माझ्या रिकाम्या जागेवरून हात फिरवायची आणि तिथेच उभी राहायची. दोन दिवसांचे दोन महिने झाले. एके दिवशी ती आलीच नाही. मनगटावर पुन्हा दातांचे वळ दिसू लागले.

तेव्हा कुठे आईने मला खाली काढले, पुसले, तिच्या हातात दिले. ठकूने मला हातातून गळून पडू दिले.

ताई आईला म्हणाल्या, "'आत्ता नाही' असं दहादा सांगायचं, पण कार्ड काढून घ्यायचं नाही. ते तिचं बोलणं होतं."

"मग आता?"

"आता पहिल्यापासून. पण जमेलच, असं नाही सांगता येत."

चार महिने झाले. आई रोज हात पुढे करून थांबते आणि ठकू त्या हाताला वळसा घालून जाते. मला आशा वाटत नाही, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, असे मूल तुमच्या घरी असेल, तर त्याला खुशाल नाही म्हणा, पण त्याचे मागणे काढून घेऊ नका. ठकूने मागणे सोडले, तेव्हा घरात सगळ्यांना किती बरे वाटले होते, ते मी वरून पाहिले आहे.