रुसलेला लॅपटॉप

"लागला! दिवा लागला!"

पुढच्या रांगेतल्या औषधविक्रेत्याने आरोळी ठोकली आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या कुशीत एकेक बंद पडलेला लॅपटॉप. व्यासपीठावर करंटबाबा डोळे मिटून बसले होते. त्यांच्या मांडीवरच्या लॅपटॉपच्या कडेला मोहरीएवढा नारिंगी दिवा पेटला होता. लोक त्याच्याकडे असे बघत होते, जणू सूर्य आजच पहिल्यांदा उगवला. बँकेतल्या एका कॅशियरच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

टाळ्या पिटणाऱ्यांत माझा दादा सगळ्यांच्या पुढे होता. दादा पुलांची गणितं करणारा इंजिनिअर. हे मुद्दाम सांगते, कारण शिकलेला माणूस फसत नाही असा एक भाबडा समज आहे.

बाबांची पद्धत ठरलेली. लॅपटॉप हातात घ्यायचा, अंगठा बटणावर दाबायचा आणि अर्धा मिनिट श्वास रोखायचा. मग निळ्या कापडात गुंडाळलेली 'सिद्ध तार' जोडायची. घरचा चार्जर आणायला सक्त मनाई.

"तार म्हणजे घराची नाळ!" बाबा सांगायचे. "तिच्यातून घरातले टोमणे, भांडणं, रुसवे सगळे वाहत येतात. लॅपटॉप बिघडत नाही, बाळांनो, तो रुसतो!"

आणि चांगली कमावती, धडधाकट माणसं यावर माना डोलवायची.

आमच्या घरी रुसला होता वहिनीचा लॅपटॉप. डॉक्टरांनी बोलून पाठवलेलं ऐकून रुग्णांचे अहवाल टाईप करायचे, हे तिचं काम. दादाने लॅपटॉप बाबांकडे नेला, तिथे तो चार्ज झाला. घरी आणला, बॅटरी संपली, पुन्हा ठप्प. पुन्हा नेला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाबांनी उसासा सोडला.

"इथे खातो, घरी उपाशी राहतो. घरात एक बाई आहे. फार बोलते."

दादा घरी आला तो हुकूम घेऊनच. "तू सात दिवस मौन पाळायचं. आणि लॅपटॉपला हात लावायचा नाही."

वहिनी आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं, हा गंमत करत नाहीये. "आणि माझं काम?"

"तुझ्या कटकटीनेच थांबलंय ना ते?"

त्यानंतर वहिनी खरंच गप्प झाली. बाबांच्या आज्ञेने नव्हे, ते वाक्य जिव्हारी लागलं म्हणून. स्वयंपाकघरात गुणगुणणं बंद, फोनवरचं हसणं बंद. तिसऱ्या दिवशी दादा मला म्हणाला, "बघ, घर कसं शांत वाटतंय." माझं डोकंच फिरलं. मी आत्याला फोन लावला.

आत्याने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. ती आली, तेव्हा वहिनीने काही न बोलता तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. 'सोमवारपर्यंत अहवाल गेले नाहीत तर काम दुसरीला देणार आहेत.'

आत्याने दादाला समोर बसवलं. "बाबाकडे तार कुणाची?"

"त्यांची."

"आणि घरी?"

"आपली."

"म्हणजे दोन गोष्टी बदलल्या, जागा आणि तार. मग खापर हिच्या डोक्यावर कसं फोडलंस?"

"आत्या, हा श्रद्धेचा प्रश्न आहे."

"पुलाचा खांब खचला तर ठेकेदाराच्या बायकोला गप्प बसवतोस का रे?"

"मग उद्या बाबांसमोरच तपास," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं सभागृहात गेलो. वहिनीच्या हातात लॅपटॉप आणि आत्याच्या पिशवीत घरचा चार्जर होता. ती वहिनीला घेऊन थेट व्यासपीठावर चढली. "बाबा, तुमची तार हिच्या हातात द्या. ही स्वतः जोडेल."

"अशा बाईचा स्पर्श झाला तर तार भ्रष्ट होईल!" बाबा किंचाळले.

"होऊ द्या की, बघू तरी!" औषधविक्रेताच खालून ओरडला. लोकांना चमत्काराइतकाच तमाशाही आवडतो.

वहिनीने तार जोडली. दिवा लागला.

"आता भांड," आत्या म्हणाली.

वहिनी दादाकडे वळली. समोर माईक होता, सभागृह गच्च भरलेलं होतं. "मी लग्न करून आले ते तुझ्या घराची कटकट व्हायला? एक परका माणूस म्हणाला आणि तू माझं तोंड बंद केलंस! एकदा तरी मला विचारलंस, काय बिघडलंय म्हणून?" तीन दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं, डोळ्यांतून आणि तोंडातूनही. दिवा काही विझला नाही.

मग आत्याने घरचा चार्जर बाबांच्याच बोर्डात लावला. अंधार. तिने पिनेजवळ तार वाकवली, दिवा लुकलुकला. सोडली, विझला. मग चार्जर बोर्डातून काढून पिशवीतल्या कात्रीने वरचं आवरण कापलं, तर आत तांब्याचे तंतू तुटलेले. पलंगाच्या कडेला रोज दुमडून दुमडून.

"हा तुमच्या घरचा दोष," ती दादाला म्हणाली. मग तिने निळं कापड ओढलं. आत साधा, कुठल्याही दुकानात मिळणारा चार्जर निघाला, सोबत वेगवेगळ्या मापांच्या सात पिना.

"आणि तो अंगठा?" कॅशियरने विचारलं.

"बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, की आत उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेलं यंत्र पुष्कळदा पुन्हा सुरू होतं. लॅपटॉपसोबतच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. श्वास रोखावा लागत नाही."

कॅशियरने तिथल्या तिथे बटण दाबलं, मोठमोठ्याने श्वास घेत. तार जोडली, दिवा लागला.

"विज्ञान जिथे संपतं, तिथे..." बाबांनी सुरुवात केली.

"तुमच्याकडे ते अजून सुरूच झालेलं नाही," आत्या म्हणाली. खाली हशा पिकला आणि बाबा मागच्या दाराने सटकले.

त्याच संध्याकाळी दादाने नवा चार्जर आणला. वहिनीचे अहवाल सोमवारच्या आत गेले. दादाशी मात्र ती पुढे आठ दिवस कामापुरतंच बोलली, आणि त्याने ते निमूटपणे सोसलं.

यंत्र बंद पडलं तर आधी बोर्ड बघा, मग तार, मग पिन. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे चूक आपोआप सापडते. आणि तारेला हातही न लावता कुणी तुमच्या घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्याला एवढंच विचारा: "तपासलंत का?"