दोन फरश्या आणि माझा बुडबुडा

माझ्या पोटात एक बुडबुडा आहे, मित्रांनो. हसू नका. तो बुडबुडा हेच माझं काळीज आणि तीच माझी वाचा. मी एक जुनी पाणसळ आहे, पण गवंडीकाका भिंतीला लावतात तसली नाही. मी शर्यतीच्या गाडीच्या चाकाला लावायची पाणसळ आहे. चाक किती कललं आहे, ते मी सांगते.

चाक कशाला कलवायचं, असं तुम्ही विचाराल. तुम्ही जोरात पळत वळण घेता, तेव्हा आपोआप आतल्या बाजूला झुकता की नाही? ताठ राहिलात तर कोलमडाल. गाडीचंही तसंच. पुढच्या दोन्ही चाकांची डोकी जराशी आत झुकवली, की वळणावर टायर रस्ता घट्ट धरून ठेवतो. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. आमच्या गाडीला तो दोन्ही बाजूंना अडीच अंश लागतो. डावीकडे जितका, उजवीकडे तितकाच.

मला आप्पांनी घडवलं. आप्पा गॅरेजचे मालक. त्यांनी अॅल्युमिनियमची पट्टी कापली, चाकाच्या रिमवर टेकायला तीन पाय बसवले आणि काचेची नळी कापसात गुंडाळून घरी आणली. एका टोकाला पितळी स्क्रू लावला. तो फिरवत बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे आणायचा आणि स्क्रूच्या कड्यावरचा आकडा वाचायचा. इतकं सोपं. पहिला आकडा वाचून आप्पा म्हणाले, "पोरगी खरं बोलते." तेव्हापासून मी गॅरेजच्या भिंतीवर, खिडकीशेजारच्या खिळ्याला राहते.

आमच्या गॅरेजची जमीन मोरीकडे उतरती आहे. गाडी धुतली की पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम केलेली. पण उतारावर उभ्या गाडीचा कॅम्बर कसा मोजणार? म्हणून आप्पांनी चार चाकांच्या चार जागा पिवळ्या रंगाने आखल्या आणि डावीकडच्या दोन चौकटींत बोटभर जाडीची एकेक फरशी ठेवली. उतार भरून निघाला. "पुढच्या आठवड्यात सिमेंटने पक्क्या बसवू," असं आप्पा म्हणाले. तो पुढचा आठवडा बारा वर्षं झाली तरी उजाडला नाही. फरश्या नुसत्याच पडून राहिल्या आणि इतक्या सवयीच्या झाल्या, की कोणाला दिसेनाशा झाल्या.

आप्पांचे गुडघे गेले आणि ते वरच्या मजल्यावर राहू लागले, तेव्हा मी दादाच्या हातात आले. दादा म्हणजे त्यांचा मुलगा. गाडी चालवते त्याची धाकटी बहीण, बारकी. बारकी आठवडाभर शाळेत गणित शिकवते आणि रविवारी शहराबाहेरच्या मैदानावर हौशी शर्यतीत उतरते. मोजताना चालकाचं वजन गाडीत असावं लागतं, नाहीतर आकडे फसवतात. पण बारकीला शाळेमुळे दर वेळी बसता येत नाही. म्हणून दादाने तिच्याइतक्याच वजनाची वाळूची पोती भरून ठेवली आहेत. ती सीटवर ठेवली की तो म्हणतो, "ही बारकी बरी. बसते आणि गप्प राहते."

"आणि ब्रेक कधी मारायचा ते तिला न सांगता कळतं, हो ना दादा?" बारकी दारातून ओरडते.

या दोघांची भांडणं ऐकत वहिनी दारात उभी असायची. वहिनी म्हणजे दादाची बायको. तिची छकुली आठ महिन्यांची झाली आणि रांगायला लागली. तेव्हापासून वहिनीचे डोळे जमिनीवरून हलेनात. गॅरेजला लागूनच त्यांची खोली. छकुली उंबरा ओलांडून कधी इकडे येईल याचा नेम नाही. वहिनीने खिळे वेचले, बोल्टचे डबे वर चढवले, टेबलाच्या कोपऱ्यांना कापड बांधलं. आणि एके दिवशी तिला त्या दोन फरश्या दिसल्या. सुट्या. कडा कशा, सुरीसारख्या.

"अगंबाई, ह्या अशा कोणी टाकल्यात इथे?" ती स्वतःशीच पुटपुटली.

खोलीतही तोच उतार होता, त्यामुळे छकुलीचा पलंग एका अंगाला कलायचा. वहिनीने फरश्या उचलल्या, धुतल्या आणि पलंगाच्या दोन पायांखाली सरकवल्या. पलंग सरळ झाला. तिला केवढं बरं वाटलं! मी खिळ्यावरून सगळं पाहत होते, मित्रांनो. ओरडावंसं वाटलं. पण बुडबुड्याला आवाज नसतो.

दुसऱ्या दिवशी दादाने गाडी ढकलत आत आणली. "आज कशी लोण्यासारखी आत आली! धक्कासुद्धा बसला नाही!" असं म्हणत तो खूश झाला. वाळूची बारकी बसवली आणि मला चाकाला टेकवलं. जमीन होती तशी मी सांगितली. डावीकडे दोनच्या जरा वर, उजवीकडे तीनच्या जरा खाली.

"गेल्या महिन्यात तर दोन्ही सारखे होते," दादा म्हणाला. "खड्ड्यात आपटली असेल बारकी." त्याने पान्हा घेतला, बोल्ट सैल केले आणि दोन्ही चाकं माझ्या अडीचवर आणली. आता आकडे सारखे झाले आणि चाकं वेगळी झाली. स्वतःच्या आकड्याची मला तेव्हा जितकी भीती वाटली, तितकी कधीच वाटली नव्हती. त्या चाकांवर बारकी बसणार होती.

शुक्रवारी सरावाहून बारकी परत आली ती पांढरीफटक होऊन. "सरळ रस्त्यावर उजवीकडे ओढते. उजव्या वळणाला देवासारखी जाते. पण डाव्या वळणाला नाक बाहेर पळालं, दादा. कडेला रचलेल्या टायरच्या भिंतीपासून हातभर लांब थांबले मी."

 दादाने खिळ्यावरून मला काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हातारी झाली ही. बहिणीचा जीव हिच्या भरवशावर नाही ठेवायचा." त्याने मला तेलकट चिंध्यांच्या खणात टाकलं आणि खण तसाच अर्धा उघडा राहिला. मला राग आला नाही. बहिणीसाठी घाबरलेल्या माणसावर कसलं रागवायचं? पण बारा वर्षं खरं बोलून चिंध्यांत पडणं लागतं मनाला, मित्रांनो.

शनिवारी सकाळी नवी पाहुणी आली, दुकानातून आणलेली पाणसळ. चकचकीत, आकडे उजळणारी, चाकाला चुंबकाने चिकटणारी. दादाने तिला डावीकडे लावलं. अडीच. उजवीकडे लावलं. अडीच. तो स्टुलावर बसला. "ही पण तेच म्हणते!"

"मग उद्याचं रद्द करू या," बारकी म्हणाली.  वर्षभर ती या एका शर्यतीची वाट पाहत होती.

वहिनी छकुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, मागे हिला ताप आला होता, तेव्हा मला थर्मामीटर खोटा वाटला. मी शेजारणीचा आणला. त्यानेही तेच दाखवलं. तेव्हा कळलं, थर्मामीटरला काही झालेलं नाही. तसं नसेल ना हे? दोघी सारखं बोलतायत, तर दोघींना खोटं कसं पाडायचं?"

"मग खोटं कोण, गाडी?"

 वहिनीचे डोळे सवयीने जमिनीवर गेले होते. डावीकडच्या दोन पिवळ्या चौकटींत, चाकांच्या आजूबाजूला, स्वच्छ चौकोनी डाग होते. भोवती बारा वर्षांचं तेल आणि मधे कोरी जमीन. तिचा चेहरा उतरला. छकुलीला तिने बारकीच्या हातात दिलं, खोलीत गेली आणि दोन फरश्या छातीशी धरून परत आली.

"मी उचलल्या," ती म्हणाली. "हिला लागेल म्हणून. वन्सं, हिला खरचटू नये म्हणून मी तुम्हाला..." तिला रडू कोसळलं.

 बारकी म्हणाली, "वहिनी, रडू नका हो. छकुली घाबरून माझे केस उपटतेय."

दादा तोंडावर हात ठेवून म्हणाला, "आणि मी म्हणे लोण्यासारखी आत आली!"

जिन्यावर काठीची टकटक झाली. आप्पा, दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पायरी उतरून आले होते. सगळं ऐकून त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माझी आहे पोरी. बारा वर्षं पुढचा आठवडा म्हणत बसलो. चुकलास तूही, दादा. ती खोटी वाटली, तर आधी तिला भिंतीला लावून उलटसुलट करून बघायचं ना. आण तिला."

दादाने मला खणातून काढलं. शर्टाच्या बाहीने, काचेवर फुंकर मारत पुसलं. आप्पांनी भिंतीला एकदा सुलट, एकदा उलट लावलं. दोन्ही वेळा बुडबुडा त्याच जागी. "बघ," ते म्हणाले, "पोरगी खरंच बोलते."

दुपारभर काम चाललं. वहिनीने स्वतः कानशीने फरश्यांच्या कडा घासून गोल केल्या. पुढच्या आठवड्याची वाट न पाहता दादाने त्या सिमेंटने बसवल्या. पण सिमेंट वाळायला वेळ लागणार, म्हणून त्या दिवशीपुरती गाडी अंगणात नेली, चाकांखाली लागतील तेवढ्या फळ्या घालून सपाट केली, दादाने चाकांचे बोल्ट पुन्हा फिरवले आणि कॅम्बर मोजला. स्क्रू वहिनीने फिरवला. तिची नजर पक्की होती. "अडीच," ती म्हणाली. "आणि इकडेही अडीच. परत बघते." तिने परत पाहिलं. मग आणखी एकदा.

रविवारी बारकी सातवी आली. घरी आली तेव्हा पहिल्या नंबराचं हसू तिच्या तोंडावर होतं. "डावं वळण, वहिनी! चिकटून गेली गाडी!"

छकुलीचा पलंग मात्र पुन्हा कलला होता. दादाने उंच बाजूचे दोन पाय कापले आणि वहिनीने मला कठड्यावर ठेवलं. मी एवढी शर्यतीची पाणसळ, पण त्या पलंगावर टेकताना जितका मान वाटला, तितका कधी वाटला नाही.

"कॅम्बर शून्य," बारकीने जाहीर केलं. छकुलीने बुडबुडा पकडायला काचेवर बोट टेकवलं.

मित्रांनो, आज मी परत माझ्या खिळ्यावर आहे. खाली मऊ कापडाची पिशवी आहे, वहिनीने शिवलेली. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातली जुनी वस्तू नकोसं काही सांगू लागली, तर तिला खणात टाकण्याआधी एकदा आपल्या पायाखाली बघा. आणि काही उचलायचं झालं, तर ते तिथे कशासाठी ठेवलं आहे, हे आधी विचारा. वहिनी आता विचारते. परवा तिने वरून खाली हाक मारली, "अहो, जिन्यावरची वीट कशासाठी आहे?"

दादाने जिन्यापाशी जाऊन विटेकडे पाहिलं. मग म्हणाला, "माहीत नाही. पण राहू दे. आप्पांना विचारतो."