दिवाणखान्यातील जाळी

वैर दोघांचे असले तरी त्याचे फळ पुष्कळदा तिसऱ्याच्याच पदरी पडते. आणि तो तिसरा अंथरुणाला खिळलेला, कोणाचीही बाजू न घेणारा असेल, तर दोघांचाही दोष दुणावतो.

या घरातील दोघी जावांनी स्वयंपाक वेगळा केला होता, कपाटे वाटून घेतली होती. हवा मात्र वाटता आली नव्हती. साऱ्या घराला थंडावा देणारे यंत्र एकच. ते दिवाणखान्यातील जाळीतून हवा ओढी, जाळीमागील फिल्टरमधून गाळी आणि नळ्यांवाटे खोल्याखोल्यांत पोचवी. शेवटच्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांची फुफ्फुसे अर्धी निकामी झालेली.

थोरलीने दिवाणखान्याचे नूतनीकरण काढले. भिंतींची पुट्टी घासणे सुरू झाले.

“घासकाम चालू असेतो एसी बंद ठेवा, जाऊबाई,” धाकटी दारातूनच म्हणाली. “सकाळी बदललेल्या फिल्टरचा दुपारी दगड झालाय. आत आई आहेत.”

“त्या माझ्याही सासूबाई आहेत. तू या घरात यायच्या आधीपासून त्यांचं करतेय मी. आणि उकाड्यात रंगारी काय तुझ्या शहाणपणाचा वारा घेणार?”

धाकटी रोज नवा फिल्टर बसवी. रोज दुपारी तो तुंबे आणि वारा मंदावे. धाकटीच मुद्दाम काही करते, असे थोरलीच्या मनाने घेतले. चौथ्या दिवशी तिने फिल्टर उपसून पुट्टीच्या पोत्यांमागे फेकला. वारा भरभरून वाहू लागला.

“बघा! बाईसाहेबांनी फिल्टरच्या नावाखाली वारा कोंडला होता.”

रंगारी पुटपुटला, “बाई, ही पूड आमच्या नाकात जाते, तशी त्या भोकातही जाईल.”

“तुम्ही भिंत घासा. जीभ नको.”

दोन तासांनी धाकटी औषध घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेली. पुडीने उशी पांढरी, पापण्या पांढऱ्या, ओठ मात्र निळसर. तिने धावत जाऊन यंत्र बंद केले, जाळी उघडली. आत पोकळी.

“कुणी काढला?”

रंगाऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

“मी,” थोरली म्हणाली.

“मग खांबासारख्या उभ्या काय राहिलात? पाय धरा त्यांचे!”

दोघींनी सासूबाईंना उचलून गच्चीत नेले.

“हळू. उंबऱ्याला डोकं लागेल.”

“तुम्ही नका शिकवू मला!”

डॉक्टर आले, प्राणवायू लावला. घटकाभराने ओठांवर रंग परतला. थोरलीने क्षमा मागितली नाही, धाकटीने दिली नाही. संध्याकाळी थोरलीने स्वतः जाळीवर प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी पट्ट्या चिकटवल्या. धाकटीने त्यांवरून अंगठा फिरवला आणि निव्वळ अविश्वासापोटी आणखी एक पट्टी लावली.

त्या माउलीला पुरेसा श्वास लाभो. या दोघींना जिव्हाळा न लाभला तरी, एकमेकींच्या हातांवर अशीच नजर ठेवण्याची जाग सदैव राहो.