हनुमंतरावांचे शक्तिविभाजन

मांडवगण फराट्यात चारही चाकांना शक्ती पुरवणारी मोटार आपल्या एकट्याकडेच आहे, हे ज्ञान हनुमंताने स्वतःपुरते कधीच ठेवले नाही. सलूनमध्ये अर्ध्या दाढीनिशी तो विवेचन करी, "सपाट सडकेवर सगळी ताकद फुडच्या चाकास्नी. फुडची घसराय लागली, की मधल्या क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरत्यात आन् निम्मी ताकद मागं जाती. आपसूक! माणसानं कायबी करायचं न्हाई." वक्त्याची हनुवटी स्थिर राहत नसल्याने न्हावी वस्तरा वरच धरून उभा राही.

हे पांडित्य मोबाईलवरील चित्रफितींतून प्राप्त झाले होते. गाडीसोबतचे माहितीपुस्तक अद्याप प्लास्टिकच्या वेष्टनातच होते.

परंतु वीस वर्षे ट्रॅक्टर चालवलेल्या मनुष्याची बुद्धी ट्रॅक्टर सोडून कोठे जाणार? ओढकामाला मागचे चाक मोठेच हवे, असा त्याचा सिद्धान्त. मागचे टायर झिजताच त्याने तेथे एक माप मोठे टायर बसवून घेतले. "चारी सारखे नकोत का?" असे टायरवाल्याने विचारले, तेव्हा हनुमंत त्या अज्ञानावर मंद हसला. दुसऱ्याच दिवशी स्टेअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला. चारही चाके कामाला लागल्याची ती पोचपावती आहे, असे त्याने घरात जाहीर केले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच्या मुलीची, धनश्रीची, पोलीस भरतीची मैदानी चाचणी दौंडला होती. नऊच्या ठोक्याला फाटक बंद. मागील भरतीत ती दोन गुणांनी हुकली होती आणि यंदा न जमल्यास लग्नाला उभे राहायचे, असा तिचा आईशी करार झाला होता. धनश्रीजवळ वाहन परवाना होता; मात्र ही गाडी समजून चालवावी लागते, असे सांगून हनुमंताने तिला स्टेअरिंग कधी दिले नव्हते.

त्या सकाळी बापलेक निघाल्यावर पाहतात तो पुढे उसाची ट्रॉली उलटून रस्ता बंद! हनुमंताचा चेहरा उजळला. "ह्याच दिसासाठी गाडी घेतली हाय," असे म्हणून त्याने गाडी शेतातल्या पाणंदीत घातली.

तेथे शेजारच्या बन्सीच्या उसाचा पाट फुटून पाणंदीत चिखलाचा राडा झाला होता. मध्यावर गाडी रुतली. पुढची चाके चिखल उडवत जागीच फिरू लागली. मागची चाके समाधिस्थ. हनुमंताने अॅक्सिलरेटर आणखी दाबला.

खांद्यावर खोरे घेतलेला बन्सी जवळ आला. "हनुमंता, मागची दोघं जेवाय बसली का रं?"

"धीर धर. आत्ता जाईल ताकद मागं."

करपल्याचा वास आला. तोवर धनश्रीने पुस्तकाचे वेष्टन फाडले होते. "आप्पा, चारी टायर एका मापाचे पायजेत असं लिवलंय. न्हाईतर गाडीला वाटतं चाकं घसरत्यात. मग चकत्या घासून तापत्यात. पिवळा दिवा म्हंजी मागची ताकद बंद!"

"कवापासनं?"

"टायर बदलल्यापासनं."

या तीन आठवड्यांत आपण किती जणांना व्याख्यान दिले, हे आठवून हनुमंताचे कान तापले.

"इंजिन बंद करा," धनश्री पुढचे पान वाचत म्हणाली. "चकत्या गार झाल्या तर थोडा येळ चालत्यात."

आठ वाजत आले होते. चकत्या गार होण्यात दहा मिनिटे गेली. बन्सीने चाकांपुढे उसाचे पाचट पसरले.

"आप्पा, तुम्ही उतरता का? वजन कमी व्हईल."

क्षणभर त्याचा हात स्टेअरिंगवर घट्ट झाला. मग तो परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत पोटरीभर चिखलात उतरला. "तू बस तितं. हळू दाब," एवढेच बोलून त्याने गाडीला मागून खांदा लावला. यंत्राने नाकारलेली शक्ती पुरवण्यास हनुमंत आणि बन्सी अशा रीतीने रुजू झाले.

"निम्मी तुझी, निम्मी माझी," बन्सी कण्हत म्हणाला. "वाटणी बरूबर हाय का, सायेब?"

"गप ढकल, बाबा!"

गाडीने हिसका दिला. मागची चाके फिरली. त्याचा पुरावा हनुमंताच्या तोंडावर, मिशीवर आणि उघड्या मुखात सविस्तर उमटला. गाडी पाचटावरून पुढे सरकली. धनश्रीने वेग किंचित कमी करून काचेतून मागे पाहिले.

"थांबू नगंस!" तो चिखल थुंकत ओरडला. "थांबलीस की रुतशील! जा तू!"

टायर बदलल्यापासून गाडीविषयीचे त्याचे हे पहिलेच अचूक विधान होते. धनश्री थांबली नाही.

नऊला पाच मिनिटे असताना हनुमंताचा फोन वाजला. तो आणि बन्सी दोघेही बांधावर बसून होते.

"आप्पा, आत घेतलं. मोबाईल जमा करायचाय आता. गाडी फाटकाभायेर लावलीया. दिवा परत लागला बगा, आन् कसला तरी आवाज येतोय..."

आवाज कसला, पुढचा की मागचा, हे विचारण्यासाठी हनुमंताची जीभ वळवळली. त्याने ती दाताखाली धरली.

"गाडीचं सोड, बाय," तो म्हणाला. "तू पळ."