दोन बोटांची जागा

"बोटं हलवून दाखव," रिफअत म्हणाला.

टॅक्सीवाल्याने ओल्या प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवली आणि तोंड वाकडं केलं. "ढिलं वाटतंय, उस्ताद. जरा आवळा की. सरकारचं प्लास्टर वाचवताय का?"

"आत्ता ढिलं आहे. संध्याकाळी हात सुजेल तेव्हा मला दुवा देशील." रिफअतने कोपराकडच्या कडेतून स्वतःची दोन बोटं आत सरकवून पाहिली. गेली. "आपण बांधतो तो आजचा हात नसतो. उद्याचा असतो. जा, अल्ला बरं करो."

इजिप्तमधल्या मन्सूऱ्याच्या त्या इस्पितळात, प्लास्टरच्या खोलीत त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. नर्स सोहेर त्याच्याइतकीच जुनी. तिने टेबलाखालच्या पिशवीकडे पाहिलं.

"मुदत संपलेली प्लास्टरची बंडलं कुठे निघाली?"

"मोठ्या डॉक्टरांना विचारलंय. घर बांधतोय."

"या वयात? इनायातला सांगितलंत का, दुसरी बायको येतेय म्हणून?"

"बसबूसासाठी."

"बिस्मिल्ला!" सोहेरने हात छातीवर ठेवला. "तो साप अजून जिवंत आहे?"

बसबूसा ही वाळूत राहणारी बिनविषारी सापीण. जाड, आखूड, शेपूट बोथट, रंग रव्याच्या भाजलेल्या केकसारखा. म्हणून त्याच्या मुलीने, रादवाने, तिला त्या केकचं नाव दिलं होतं. रादवा आता हॅम्बुर्गला प्रयोगशाळेत नोकरी करत होती. साप विमानातून नेता येईना, म्हणून तो इथेच राहिला, आणि त्याला सांभाळायचं काम हळूहळू रिफअतकडे आलं. इनायात त्या खोलीत झाडूसुद्धा दारातूनच फिरवायची.

शाळेत असताना रादवाने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, तिला लपायला जागा लागते. नाहीतर ती घाबरून खात नाही. प्लास्टरचं एक छोटंसं कराल?"

"मी माणसांची हाडं बांधतो," तो म्हणाला होता. "किड्यामुंग्यांची घरं नाही."

मग पोरीने बुटांचं खोकं कापलं आणि चिकटपट्टीने जोडलं. दुसऱ्या दिवशी साप पट्टीला चिकटला. रादवा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून, जैतुनाचं तेल बोटाने लावत, एकेक खवला सोडवत होती आणि हुंदके देत होती. रिफअत बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होता. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तो आवाज त्याला अजून आठवायचा. बातमी कसली होती ते मात्र आठवत नसे.

आता ती ईदला येणार होती. त्याआधी घर उभं करायचं होतं. पट्टी नाही, उग्र वासाचा डिंक नाही, पाइनचं लाकूड नाही, टोकदार कड नाही, हे त्याने तिच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलं होतं की विचारायची गरज नव्हती. जड वस्तू वाळूवर ठेवायची नाही, कारण सापीण तिच्याखाली शिरते आणि वरची वस्तू खचली तर चिरडते. म्हणून त्याने तळ बंद केला आणि तो थेट सापिणीच्या काचपेटीच्या तळावर टेकवून भोवती वाळू ओतायचं ठरवलं.

आकार मात्र त्याचा स्वतःचा होता. मित घम्रजवळच्या गावी त्याचे वडील मातीचे कबुतरखाने बांधायचे. वर निमुळते होत जाणारे बुरूज, अंगावर भोकांच्या ओळी. लहानपणी भोकं कोरायचं काम रिफअतकडे असे आणि वडील खालून ओरडत, "लहान ठेव रे! कबुतर अंग चोरून शिरलं पाहिजे. मोठं ठेवलंस तर साप पिल्लं खाईल!" त्याने तसाच बुरूज केला, गुडघ्याएवढा. प्लास्टर हाताखाली गरम झालं, घट्ट झालं, मग गार पडलं. भोकं त्याने ओलं असतानाच कोरली. बहुतेक नुसती खळगी होती. दोनच आरपार, तळाशी दार आणि त्याच्या बरोबर वर एक. सगळी एका मापाची. गच्चीवर आठवडाभर वाळवून, कडा घासून, त्याने बुरूज पेटीत ठेवला. बसबूसाने जिभेने दार तपासलं आणि सुळकन आत गेली.

त्याने फोटो पाठवला. रादवाचा लगेच फोन आला.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मग काय, शेजाऱ्याने?"

ती नाक ओढत म्हणाली, "आजोबांचा बुरूज! मी येईपर्यंत हलवू नका हं. मला तो तिथेच बघायचाय. दार पुरेसं मोठं आहे ना पण? खाल्ल्यावर ती—"

"मला प्लास्टर शिकवणार तू?" त्याच्या तोंडून गेलं. "माझा जन्म गेला त्यात."

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तसं नाही." आणि विमानाची वेळ सांगून तिने फोन ठेवला.

ती यायच्या आदल्या दिवशी इनायात ईदच्या बिस्किटांचं पीठ मळत होती. रिफअतने चिमट्याने बसबूसाला उंदीर दिला. तिचं वाळूतल्या आपल्या खळग्यात गिळून झालं, तेव्हा तो दुपारनंतरच्या अस्रच्या नमाजाला गेला. परत आला तर तिचं अर्धं अंग बुरुजाच्या आत होतं आणि अर्धं बाहेर. पोटातला फुगवटा बरोबर दारात अडकला होता. बाहेरची शेपूट वाळू ढवळत होती.

"इनायात! कोमट पाणी आण. लवकर!"

मागे ओढून चालणार नव्हतं. खवले उलटे फिरले असते. कात्रीचं पातं घालायला कडेला फटसुद्धा नव्हती. त्याने कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने प्लास्टर भिजवलं, वरच्या आरपार भोकात इस्पितळाच्या जाड कात्रीचं टोक घातलं आणि खाली दाराच्या दिशेने थोडं थोडं तोडत आला. इतक्या हातांचं, पायांचं प्लास्टर त्याने कापलं होतं. कधी हात कापला नव्हता. शेवटचा तुकडा सुटला, बसबूसाने जोरात अंग झटकलं, गिळलेला उंदीर उलटून टाकला आणि वाळूत शिरली. दाराच्या फुटलेल्या कडेवर तिचे खवले चिकटले होते.

"मेली का हो?" दारातून इनायातने विचारलं. तिच्या हातांना पीठ होतं.

"नाही."

"मग रडता कशाला, रादवाचे बाबा?"

रादवा दुसऱ्या दिवशी आली. आईला मिठी मारून, चपला न काढताच आतल्या खोलीत गेली. बुरूज वरच्या भोकापासून दारापर्यंत चिरलेला होता. तिने बसबूसाला वाळूतून अलगद उचललं, कुशीवरची सोललेली जागा खिडकीच्या उजेडात धरली.

"बाबा, हिला जरा धरता?"

त्याने धरलं. ती औषध लावत होती. सापीण त्याच्या मनगटाभोवती सैलसर वळली. काम झाल्यावर रादवाने बुरुजातल्या शाबूत राहिलेल्या भोकाला दोन बोटं लावून पाहिली. लहानपणी शाळा सुटल्यावर त्याच्या प्लास्टरच्या खोलीत बसून ती त्याला हेच करताना बघत असे. बोटं गेली नाहीत. तिने हात काढून घेतला.

"सुंदर झाला होता," ती म्हणाली.

ईदनंतर जाताना ती बसबूसाला सोबत घेऊन निघाली. कैरोत तिची एक मैत्रीण होती, घरात बरेच साप पाळणारी. "तुमच्यामागे कशाला हा व्याप, बाबा? आई पण घाबरते." ती हे अगदी मायेने बोलली, म्हणून त्याला वाद घालता आला नाही. "बरोबर आहे," तो म्हणाला, आणि कापडी पिशवीचं तोंड त्यानेच बांधून दिलं. सैल बांधलं. मग उघडून, पाहून, पुन्हा बांधलं.

पुढच्या शुक्रवारी इनायात कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तर कठड्याजवळ एक नवीन प्लास्टरचं घर उन्हात ठेवलं होतं. बुरूज नाही, नक्षी नाही. साधं, बसकं, पुढे रुंद दार. रिफअत शेजारी उकिडवा बसून दाराची कड पॉलिश पेपरने घासत होता. मधेच थांबून त्याने दारात हाताची मूठ घालून पाहिली. मूठ आरामात आत गेली.

"पेटी तर रिकामी आहे," इनायात म्हणाली. "आता हे कुणासाठी?"

त्याने घरावर तळवा ठेवला. प्लास्टर आतून अजून गार होतं.

"ओलं आहे," तो म्हणाला. "वाळू दे आधी."