थायलंडचं मत बाद

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. भंडारा जिल्ह्यात करडी गावाच्या पुढं, नहराच्या म्हणजे कालव्याच्या काठी असलेलं आमचं अख्खं गाव माझ्यावर बसून निर्णय घेतं, अशी सरकारची समजूत आहे.

माझा जन्म तुरुंगात, कैद्यांच्या मागावर झाला. सार्वजनिक जीवनातली काही माणसं जिथं शेवटी पोहोचतात, तिथून मी सुरुवात केली. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा कचेरीच्या सामानाची वाटणी झाली. टेबलांसाठी भांडणं झाली, पंख्यांसाठी रुसवे झाले. मला कोणीच मागितलं नाही, म्हणून मी भंडाऱ्यात राहिले आणि फिरत फिरत या ग्रामपंचायतीत आले.

माझं काम ग्रामसभेचं. तिची रीत अशी, की सभेला शंभर माणसं लागतात. त्याला कोरम म्हणतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागतच नाही! म्हणून सरपंच यादोराव पहिली सभा फार काळजीपूर्वक रिकामी ठेवत. ऐन धानाच्या रोवणीत, भर दुपारी. मग थोड्या वेळानं चौघं जण माझ्या एका कोपऱ्यावर बसत, पानाचा डबा मध्ये ठेवत, आणि गावाचं भलं होऊन जाई.

त्या वर्षी नवी अंगणवाडी मंजूर झाली. यादोरावांना ती नहरापलीकडे, आपल्या राइस मिलच्या मागं हवी होती. लेकरं काय, मोठी होऊन निघून जातात. इमारत उरते, आणि इमारतीत धानाची पोती छान मावतात. नहराअलीकडच्या टोली वस्तीतल्या सत्यभामाबाईला मात्र ती टोलीतच हवी होती. तिची नात प्रतिक्षा तीन वर्षांची, आणि नहराच्या पुलाला कठडा नव्हता. एकदा प्रतिक्षाची चप्पल नहरात वाहून गेली होती. चपलेत तेव्हा प्रतिक्षा होती. तिला आजीनं वेणी धरून वर काढलं.

सत्यभामाबाई दर सभेला येई. "कोरम नाई झाला, बाई. मंग येजा," ग्रामसेवक मंगेश म्हणे. ती मंग येई तोवर सभा उरकलेली असे.

अशात टोलीतला धम्मदीप, जो नागपुरात शिकवायचा, एक पाहुणी घेऊन आला. दीक्षाभूमी पाहायला आलेल्या थायलंडच्या विपाबाई. त्या तिकडच्या ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या आणि त्यांना ग्रामसभा पाहायची होती. यादोराव इतके खूश झाले की त्यांनी गावभर दवंडी पिटवली. अंगणवाडीच्या जागेचा ठराव त्याच सभेत होता, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

पाहुणी बघायला सगळं गाव लोटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा पूर्ण उलगडलं. माझ्या घडीत राहणारं उंदराचं कुटुंब बेघर झालं; विकासकामात हे चालायचंच.

मंगेशनं माणसं मोजली आणि तो पांढरा पडला. "भाऊ, कोरम झाला."

"कोणी केला?" यादोराव दचकले. "अरे, हे सभेले नाई आले, पाहुणीले पाहाले आले. यांले मोजू नको!"

"कायले आले ते नियमात नसते, भाऊ."

यादोराव उठून ओरडले, "चहा मिलवर ठेवला हाय! चला, चला!"

"इकडंच आणा ना भाऊ," पुढं बसलेला गावातला कवडू म्हणाला. "उठलो का जागा गेली."

मग विपाबाई बोलल्या. धम्मदीप मराठीत सांगत होता. त्यांच्या देशात राज्यघटना पुन्हा पुन्हा नवी लिहिली जाते, सध्या विसावी चालू आहे.

"मंग दर वेळेस माणसं बी नवी येत असतीन?" यादोरावांच्या बायकोनं, आनंदाबाईनं विचारलं.

"नाही. तीच येतात."

"हात् बापा! आपल्यावानीच."

विपाबाई म्हणाल्या, "लष्करानं सत्ता घेतली आणि गावच्या निवडणुका थांबवल्या. आमची मुदत संपली, तरी सांगितलं, बसून राहा. म्हणून मी अजून सदस्य आहे."

यादोराव पुढं सरकले. लोकशाहीत त्यांना एवढा रस घेताना मी कधीच पाहिलं नव्हतं. "मुदत संपली तरी उतरा लागत नाई? याचा अर्ज कोठी करा लागते?"

विपाबाई हसल्या नाहीत. "बाजारात लोक मला विचारतात, तुला कोणी बसवलं? मला उत्तर देता येत नाही. एकदा निवडणूक होऊ दे. हरले तरी चालेल."

 तेवढ्यात सत्यभामाबाई उठली.

"मंगेशभाऊ, आज कोरम हाय ना?"

मंगेशनं यादोरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गर्दीखाली माझा एकही धागा दिसत नव्हता. "हाय," तो म्हणाला.

"तं ऐका. माही नात तीन वर्षांची हाय. मिलीमागं अंगणवाडी बांधसान तं आंधी लेकरांले पोहणं शिकवा. नाई तं टोलीत बांधा."

"टोलीत जागा कोठी हाय?" यादोरावांनी विचारलं.

"जेथी उभे राहून तुमी पंधरा ऑगस्टले भाषण देता ना भाऊ, तेथी. लय मोठी हाय. तुमचं भाषण बी मावते तिच्यात."

मंगेशनं हात वर करायला सांगितले. टोलीचे हात वर गेले, मग कवडूचा, मग गावाचे. यादोरावांनी शेजारी पाहिलं. "तू काहून वर केला व?"

"मोज रे मंगेश," आनंदाबाई म्हणाली, "हा बी हात मोज."

विपाबाईंचाही हात वर होता. "मॅडम, तुमचं चालत नाई," मंगेश अदबीनं म्हणाला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण राहू द्या थोडा वेळ. फार दिवसांत वर केला नव्हता."

मंगेश नियमाचा पक्का. त्यानं इतिवृत्तात लिहिलं, 'थायलंडचं मत बाद. ठराव मंजूर.'

अंगणवाडी टोलीत झाली. इमारत मंजूर होती, पण बसायला काही मंजूर नव्हतं, म्हणून सत्यभामाबाईनं मला मागून नेलं. यादोरावांनी आनंदानं दिलं. सतरंजीच नाही तर सभा भरेल कशी, असा त्यांचा हिशेब होता. आता लोक सभेला घरून पोतं घेऊन येतात. माझ्यावर प्रतिक्षा आणि तिची फौज बसते, खिचडी सांडते, नाक पुसते आणि कोणताही ठराव न करता झोपून जाते.

मित्रांनो, तुमच्या गावच्या सतरंजीला कधीतरी ऊन दाखवा, झटका, धुवा. पण त्याआधी तिच्यावर जाऊन बसा. डाग आम्हाला सोसतात, रिकामपण सोसत नाही. आणि दर वेळी थायलंडहून कोणाला बोलावणं ग्रामपंचायतीला परवडणार नाही.