बावीस वर्षांपूर्वीचा हुकूम

चौदा मैलांच्या त्या छोट्या रेल्वेला शंभर वर्षं पुरी होत होती आणि तिचा इतिहास लिहायचं काम तिकीटबाईच्या गळ्यात पडलं. अक्षर मोत्यासारखं, शिवाय सासरे तिथले जुने स्टेशनमास्तर. मग काय, सगळ्यांनी एका सुरात बोट तिच्याकडेच दाखवलं. पहिलं इंजिन कसं आलं, नदीवरचा पूल किती वर्षं रखडला, सगळं तिनं हौसेनं लिहून काढलं.

त्या दुपारी तिनं पार्सलखोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. जुन्या वेळापत्रकांखाली मुख्य कचेरीचं पत्र होतं. ‘कंपनी गुंडाळण्यात आली आहे. हा मार्ग येत्या एक तारखेपासून कायमचा बंद. यापुढे पुलाची तपासणी होणार नाही.’ खाली पोच म्हणून मामंजींची सही. तारीख बावीस वर्षांपूर्वीची.

तिची स्वतःची नोकरीसुद्धा त्यानंतरची होती.

मामंजी फलाटाच्या बाकावर ऊन खात बसले होते. तिनं कागद पुढे धरला. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

“सापडला वाटतं,” ते म्हणाले.

“म्हणजे ही रेल्वे बंद आहे?”

“कागदावर. नदीपलीकडच्या माणसांनी जायचं कसं, सूनबाई? म्हटलं, कोणी विचारायला आलं की सांगू. कोणी आलंच नाही. चुन्याच्या भट्ट्यांचा माल होता, त्याच्या भाड्यावर सगळ्यांचे पगार भागत गेले.”

“आणि पूल कोणी तपासला?”

मामंजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

“अहो, तुमची नात रोज त्यावरून येते!”

“शंभर वर्षं उभा आहे तो,” ते पुटपुटले, पण आवाजात जीव नव्हता.

तिनं पलीकडच्या स्टेशनला फोन लावला. शाळेच्या पोरांना घेऊन गाडी नुकतीच सुटली होती. लाल झेंडी उचलून ती रुळांवरून मैलभरावरच्या पुलाकडे धावत सुटली. पूल आला तेव्हा तिनं चपला काढल्या. मग खाली न बघता, एकेका फळीवर पाय टाकत, ती पलीकडे गेली आणि झेंडी हलवत उभी राहिली.

गाडी करकचत थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. “काय झालं, वहिनी? भूत बघितलंत की काय?”

तिनं पुलाकडे बोट केलं. “बावीस वर्षं कोणी तपासलेला नाही.” गाडीत वर्कशॉपचा फिटर होता. तो हातोडा घेऊन पुलाखाली उतरला. दोन खांबांवर ठोके खणखणीत वाजले. तिसऱ्यावरचा बद्द आला. तो वर आला तो मुठीत बोल्ट घेऊन, किडका दात उपटावा तसा.

“हातानं निघाला,” तो म्हणाला. “सकाळी मी यावरूनच गेलो.”

डब्यातली माणसं एकेक करून उतरली. लेक येऊन तिच्या कमरेला बिलगली, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मामंजी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले. तीही बरोबर होती. त्यांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. नुकत्याच बदलून आलेल्या फौजदारानं भिंतीवरच्या नकाशावर बराच वेळ बोट फिरवलं; नदी होती, रूळ नव्हते.

“आजोबा,” तो वळून म्हणाला, “कुठली रेल्वे?”